चिमणराव आणि टिपरे : गद्याकडून अभिनयाकडे

मराठी रंगभूमीवर नटाची थोरवी सांगावयाची झाली म्हणजे ‘बहुरूपी’ हा शब्द सहज ओठांवर येतो. चिंतामणराव कोल्हटकरांनी आपल्या आत्मचरित्रास हेच नाव दिले, आणि त्या ग्रंथास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभल्यापासून तर या शब्दाला एक प्रकारची शास्त्रीय प्रतिष्ठाच प्राप्त झाली. दिलीप प्रभावळकर यांच्याविषयी आजवर जे लिहिले-बोलले गेले आहे, त्यातील बराच मोठा भाग याच एका शब्दाभोवती फिरताना दिसतो. ‘अलबत्या गलबत्या’तील चेटकीण, ‘आरण्यक’मधील विदुर, ‘चौकट राजा’तील नंदू, ‘झपाटलेला’तील तात्या विंचू आणि ‘लगे रहो मुन्नाभाई’तील गांधीजी ही नावे एका ओळीत मांडली की स्तुतीचे कर्तव्य उरकले, असा समज रूढ झाला आहे. यादी खरी आहे आणि विस्मयकारकही आहे. तथापि, यादीने परीक्षणाचे काम होत नाही. एकाच नटाने चेटकीण आणि विदुर या दोन्ही भूमिका केल्या, एवढे सांगितल्याने यांपैकी कोणतीही एक भूमिका कशी केली, याचा काहीच उलगडा होत नाही.

आणखी एक गोष्ट या यादीमुळे झाकली जाते. ज्या दोन भूमिकांनी प्रभावळकर घराघरांत पोचले, त्या दोन्ही दूरचित्रवाणीवरील आहेत : मुंबई दूरदर्शनवरील चिमणराव आणि २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ या मालिकेतील आबा. या दोहोंत रूप पालटण्याचा भाग गौण आहे. दोन्ही व्यक्ती सामान्य, मध्यमवर्गीय, कुटुंबवत्सल, आणि बाह्यतः लक्षात राहू नयेत अशाच आहेत. विशेष म्हणजे दोन्ही मुळात नाटकातून किंवा चित्रपटकथेतून आलेल्या नसून मराठी विनोदी गद्यातून आलेल्या आहेत. चिमणराव हा चिं. वि. जोशींच्या कथांचा निवेदक. आबा हे स्वतः प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’ या सदरातील रोजनिशी लिहिणारे आजोबा. म्हणजे नटापुढे जो प्रश्न उभा राहिला तो निवेदकाचा होता : जो माणूस पुस्तकात ‘मी’ म्हणून बोलतो, तो पडद्यावर ‘तो’ होऊन दिसू लागला म्हणजे त्याच्या ‘मी’पणाचे काय होते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुरोधाने प्रभावळकरांच्या दूरचित्रवाणीवरील अभिनयाचा विचार करावयाचा आहे. रंगभूमी आणि चित्रपट यांचा उल्लेख लागेल तेवढाच येईल.

चरित्राचा तपशील थोडक्यात सांगितला पाहिजे, कारण त्याचा पुढील विवेचनाशी संबंध आहे. प्रभावळकरांचा जन्म ४ ऑगस्ट १९४४ चा. रसायनशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास आणि औषधनिर्मितीच्या क्षेत्रातील नोकरी हा त्यांच्या आयुष्याचा पूर्वार्ध. नाटक त्या नोकरीच्या जोडीने चालले. रत्नाकर मतकरींच्या बालनाट्यांतून आणि प्रायोगिक नाटकांतून त्यांची घडण झाली. व्यावसायिक कंपनीत ‘अमुक पार्ट करणारा’ म्हणून नटाला जो शिक्का बसतो, तो हौशी आणि प्रायोगिक मार्गाने आलेल्या नटाला सहसा बसत नाही. याच काळात त्यांचे लेखनही सुरू झाले. ‘गुगली’सारखे विनोदी लेखन, मुलांसाठी लिहिलेला ‘बोक्या सातबंडे’, पुढे ‘अनुदिनी’ आणि आत्मपर ‘एका खेळियाने’ ही पुस्तके वाचकांना परिचित आहेत. नट लिहितो ही काही अपूर्वाई नव्हे. आपल्याकडे नटांच्या आत्मचरित्रांची परंपरा समृद्धच आहे. परंतु बहुतेक नट लिहितात ते रंगभूमीवरून निवृत्त होताना, आठवणी म्हणून. प्रभावळकरांचे विनोदी लेखन त्यांच्या अभिनयाच्या ऐन भरात, त्याला समांतर चालले आहे. वाक्य लिहिताना कोठे थांबावे आणि वाक्य बोलताना कोठे थांबावे, हे दोन प्रश्न त्यांच्या ठिकाणी एकाच वेळी उपस्थित होत होते.

आता ‘चरित्रनट’ या संज्ञेविषयी. हा शब्द आपल्याकडे चित्रपटाच्या व्यवहारातून रुळला आणि त्याला काहीसा उणेपणाचा वास आहे. जो नायक नाही आणि खलनायकही नाही, तो चरित्रनट, अशी त्याची नकारात्मक व्याख्या व्यवहारात चालते. मराठी संगीत रंगभूमीचा इतिहास पाहिला तर हा उणेपणा निराधार ठरतो. गणपतराव बोडसांचा ‘मानापमाना’तील लक्ष्मीधर, ‘संशयकल्लोळा’तील फाल्गुनराव आणि ‘एकच प्याला’तील सुधाकर यांना कोणत्या एका रकान्यात घालावयाचे? सुधाकर तर सरळ नायकच आहे. पण गाणे ज्याचे त्याला नायकपद, अशी त्या काळची प्रेक्षकांची मनोवृत्ती असल्यामुळे बोडसांनी तिन्ही ठिकाणी केवळ गद्याच्या बळावर उभे राहावयाचे होते, आणि ते राहिले. बोडसांची परंपरा ही मराठीतील गद्याभिनयाची परंपरा होय. प्रभावळकरांचे नाते जोडावयाचे असेल तर ते बहुरूपी कोल्हटकरांपेक्षा बोडसांशी अधिक जवळचे आहे, असे मला वाटते. मतभेदास येथे पुष्कळ जागा आहे, हे मी जाणतो.

भरताने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले. रंगभूमीवरील बहुरूपी नटाचे पहिले शस्त्र आहार्य, म्हणजे वेषभूषा आणि रंगभूषा. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर हे शस्त्र लवकर बोथट होते, आणि त्याचे कारण माध्यमाच्या घडणीतच आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढील दहा वर्षे चित्र कृष्णधवल होते आणि पडदा वीतभर नाही तरी हातभर खास नव्हता. चित्रण मुख्यतः स्टुडिओतल्या चार भिंतींत होई. दृश्याची भव्यता दाखविण्याची सोय नव्हती. त्यामुळे कॅमेरा वारंवार चेहऱ्याकडे वळे. नाट्यगृहातील पंधराव्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी काढलेली सुरकुती या कॅमेऱ्यापुढे केवळ रेघ म्हणून दिसते. दुसरे कारण पुनरावृत्तीचे. नाटकातील पात्र तीन तासांत संपते. मालिकेतील पात्र आठवड्यागणिक, महिनोन्‌महिने घरी येते, तेही कुटुंब जेवणाच्या ताटावर बसलेले असताना किंवा शेजारची मुले दाराशी दाटी करून उभी असताना. वेषांतराचा आनंद हा ओळख पटण्याच्या क्षणाचा आनंद असतो. तो दुसऱ्या भागातच ओसरतो. तेथून पुढे नटाला पुरून उरतात ती वाचिक आणि सात्त्विक ही दोनच साधने. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते : घरात बसलेला प्रेक्षक नटाशी बरोबरीच्या नात्याने वागतो. तो मध्येच उठतो, बोलतो, चहा मागतो. अशा प्रेक्षकाला जिंकावयाचे म्हणजे आवाज चढवून चालत नाही; त्याच्याशी गप्पा माराव्या लागतात.

चिं. वि. जोशींचा चिमणराव हा गप्पा मारणाराच आहे. जोशी (१८९२–१९६३) हे पालीचे व्यासंगी पंडित, बडोद्यात प्राध्यापक. त्यांनी चिमणरावाच्या रूपाने जो निवेदक निर्माण केला, तो दिसतो त्याहून गुंतागुंतीचा आहे. हा गृहस्थ स्वतःची फजिती स्वतः सांगतो. परंतु तिच्यातील सगळाच भाग आपल्याला कळला आहे असे त्याच्या सांगण्यावरून दिसत नाही. त्याचे भित्रेपण तो विवेकाच्या भाषेत सांगतो, त्याचा लोभ व्यवहारज्ञानाच्या भाषेत. वाचक हसतो तो चिमणरावाला जे दिसत नाही ते आपणाला दिसते म्हणून. आणि तरीही हसताना आपण त्याच्यापेक्षा शहाणे आहोत, असा अहंकार वाचकाला फार वेळ टिकविता येत नाही, कारण काऊ, मोरू, मैना, राघू आणि सोटा हाती घेतलेला गुंड्याभाऊ यांच्या गराड्यात आपणही तसेच वागलो असतो, हे त्याला ठाऊक असते. या दुहेरी हसण्याचे मूळ निवेदनाच्या रीतीत आहे, प्रसंगांत नाही. प्रसंग पाहू गेले तर पुष्कळदा साधेच असतात.

म्हणून चिमणराव पडद्यावर आणणे हे वाटते तितके सोपे नाही. प्रसंग पडद्यावर येतात, निवेदन गळून पडते. दूरदर्शनच्या आधी हा प्रयोग चित्रपटाने केला होता. मास्टर विनायकांच्या ‘लग्न पहावे करून’ (१९४०) आणि ‘सरकारी पाहुणे’ (१९४२) या चित्रपटांत दामुअण्णा मालवणकर चिमणराव होते आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. दामुअण्णांची विनोदशक्ती निर्विवाद होती. त्यांच्या नुसत्या पाहण्यानेच प्रेक्षागृह हसू लागे. परंतु तेथे हसू येते ते दामुअण्णांना पाहून. चिमणरावाच्या सांगण्याला त्यात फारसा वाव नाही. चित्रपटाच्या गतीने आणि गाण्यांच्या मांडणीने तो ठेवलाही नव्हता. जोशींच्या कथांतील हालचाल चित्रपटात आली, आवाज राहून गेला, असे म्हणता येईल.

आठव्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनने ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ ही मालिका सादर केली. प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. भारतीय दूरचित्रवाणीवर कथामालिका हा प्रकार अद्याप रुळावयाचा होता. हिंदीतील ‘हम लोग’ येण्यास १९८४ साल उजाडावे लागले. प्रभावळकर त्या वेळी तिशीत होते. त्यांनी काय केले, याचे वर्णन ‘हुबेहूब चिमणराव उभा केला’ अशा शब्दांत केले जाते. हुबेहूब कशाशी? जोशींच्या कथांत चिमणराव स्वतःचे वर्णन करतो ते तुटक आणि स्वतःच्या सोयीचे. वाचकाच्या मनात चिमणरावाचा चेहरा असलाच तर तो त्याच्या बोलण्यावरून तयार झालेला. प्रभावळकरांनी नेमके हेच उलट दिशेने केले : चेहऱ्यावरून बोलण्याचा भास निर्माण केला.

हे जरा विशद करणे अवश्य आहे. कोणी काही बोलले की साधारण विनोदी नट लगेच प्रतिक्रिया देतो, कारण हशा चुकू नये ही त्याची चिंता असते. प्रभावळकरांचा चिमणराव प्रतिक्रिया देण्याआधी थोडासा थांबतो. त्या थांबण्यात एक लहानशी मानसिक क्रिया चाललेली दिसते : झालेला अपमान ऐकू आला आहे, त्याचा शक्य तितका सोयीस्कर अर्थ लावण्याचे काम चालू आहे, अर्थ लागला आहे, आणि आता त्या अर्थास शोभेल असा चेहरा धारण करावयाचा आहे. कथेत हे काम निवेदनाचे एखादे लांबलचक, पोटवाक्यांनी भरलेले वाक्य करीत असते. पडद्यावर ते वाक्य नाही, पण त्याची लांबी नटाने राखून ठेवली आहे. प्रेक्षक त्या रिकाम्या जागेत चिमणरावाचे निवेदन स्वतःच घालतो. माझ्या समजुतीप्रमाणे या भूमिकेचे मर्म येथे आहे, आणि ते आहार्याच्या कक्षेत मुळीच येत नाही. जुन्या पद्धतीचा पोशाख, किरकोळ अंगकाठी, बारीक आवाज हे सारे सहाय्यभूत खरे, पण तेवढ्यावर ही भूमिका आठवडाभरही टिकली नसती.

दुसरी बाब जोडीची. चिमणरावाचे थांबणे अर्थपूर्ण होते, कारण गुंड्याभाऊ थांबत नाही. बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ आडदांड असूनही भाबडा होता. त्याला सोयीस्कर अर्थ लावण्याची कला अवगत नाही, जे वाटते ते तो बोलतो आणि करतो. दोन वेगळ्या गतींची ही मांडणी जोशींच्या कथांतही आहे, पण तेथे दोन्ही गती चिमणरावाच्याच लेखणीतून येतात. पडद्यावर गुंड्याभाऊला स्वतःचा स्वतंत्र काळ मिळाला. या भूमिकेच्या लोकप्रियतेने कर्वे यांच्या इतर कामांवर सावली पडली, अशी हळहळ व्यक्त होते ती यथार्थ आहे.

आता लाभाबरोबर हानीचाही हिशेब मांडला पाहिजे. पडद्यावरील चिमणराव जोशींच्या चिमणरावाहून अधिक लोभस आहे. कथांतील चिमणरावात एक क्षुद्रता आहे. तिच्यामुळे त्या विनोदाला धार येते आणि त्या काळच्या पांढरपेशा समाजावरील टीका बोचरी होते. प्रभावळकरांच्या डोळ्यांत जी सहज आर्जवी नजर आहे, तिने ही क्षुद्रता पुष्कळशी माफ करून टाकली. कुटुंबासह पाहणाऱ्या प्रेक्षकाला प्रेमळ चिमणराव हवा होता, हे समजण्याजोगे आहे; नटानेही तो दिला. परिणामी जोशींचा उपरोध सौम्य झाला आणि गेलेल्या काळाविषयीची माया त्या जागी आली. ज्या पिढीने आधी मालिका पाहिली आणि मग पुस्तक उघडले, तिला चिं. वि. जोशी हे ‘गोड’ विनोदकार वाटतात. पालीच्या या पंडिताला मनुष्यस्वभावाच्या लबाडीची किती बारीक जाण होती, हे अशा वाचकाला वर्गात मुद्दाम दाखवून द्यावे लागते. मी दाखवितो, पण प्रत्येक वेळी माझा प्रतिस्पर्धी बलवान आहे हे मला मान्य करावे लागते.

येथे पु. ल. देशपांडे यांची आठवण अपरिहार्य आहे. ‘बटाट्याची चाळ’ त्यांनी एकट्याने रंगमंचावर सादर केली, तेव्हा विनोदी गद्य आणि अभिनय यांच्यातील अंतर त्यांनी एका उडीत ओलांडले. पण तेथे लेखक, निवेदक आणि नट एकच होते, आणि निवेदन गाळले गेले नव्हते. ते तर प्रयोगाचा कणाच होते. निवेदन काढून घेतल्यावर उरलेल्या पात्रात ते पुन्हा पेरणे हे निराळे काम आहे. ते कमी-अधिक थोर आहे असे मला सुचवावयाचे नाही. फक्त दोहोंना ‘एकपात्री कौशल्य’ या एकाच नावाखाली घालू नये, इतकेच.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला ‘हसवाफसवी’ आहे. हे नाटक प्रभावळकरांनी स्वतः लिहिले आणि त्यात सहा भूमिका केल्या. बहुरूपी या पदवीचा खरा आधार हाच प्रयोग. त्यातील वेषांतराच्या वेगाची वाहवा झाली, ती रास्त होती. मात्र सहांपैकी प्रेक्षकांच्या मनात जी भूमिका सर्वांत खोल रुतली, ती कृष्णराव हेरंबकर या संगीत रंगभूमीवरील वृद्ध नटाची. वेग जेथे थांबतो आणि एक म्हातारा माणूस नुसता बसून बोलू लागतो, तेथे नाटकाची उंची वाढते. लेखक-नटाच्या आवडीचा कल कोठे आहे हे त्यावरून ताडता येते. रंगमंचावरही त्यांचे बळ शेवटी बोलणाऱ्या आणि आठवणाऱ्या माणसातच होते. दूरचित्रवाणीने त्या बळाला योग्य अंतर मिळवून दिले, एवढेच.

‘अनुदिनी’ हे सदर आणि त्यावरून झालेले पुस्तक रोजनिशीच्या रूपात आहे. टिपरे कुटुंबात तीन पिढ्या : आबा, मुलगा शेखर व सून श्यामला, आणि नातवंडे शिऱ्या व शलाका. रोजनिशी एकाची नाही. लेखणी हातोहात फिरते. तोच संसार आबांच्या नजरेतून निराळा दिसतो, सुनेच्या नजरेतून निराळा, नातवाच्या नजरेतून तर ओळखूही येत नाही. चिं. वि. जोशींनी एका निवेदकाच्या अपुऱ्या जाणिवेतून विनोद साधला. प्रभावळकरांनी अनेक अपुऱ्या जाणिवा शेजारी शेजारी ठेवून साधला. वाङ्मयीन तंत्राच्या दृष्टीने ही पुढची पायरी आहे, आणि समीक्षेने तिची जेवढी दखल घ्यावयास हवी होती तेवढी घेतलेली दिसत नाही. सदरातले लेखन म्हणजे उपजीवी लेखन, असा आपला एक जुना पूर्वग्रह आहे.

केदार शिंदे यांच्या दिग्दर्शनाखाली अल्फा मराठी वाहिनीवर ही मालिका आली, तेव्हा तिचे नाव ‘अनुदिनी’ राहिले नाही. ते ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ झाले. नावातील हा बदल व्यापाराच्या दृष्टीने साधा असेल, समीक्षकाच्या दृष्टीने तो सर्व काही सांगून जातो. पुस्तकात पाच जणांच्या हाती लेखणी होती. मालिका एका माणसाच्या नावाने झाली. पडद्यावर, दैनंदिनीचा धागा कितीही जपला तरी, सर्वांना पाहणारा डोळा एकच असतो, आणि त्या डोळ्याला आबा सर्वांत प्रिय आहेत. राजन भिसे, शुभांगी गोखले, विकास कदम आणि रेश्मा नाईक यांच्या भूमिका अव्वल आहेत, विशेषतः शुभांगी गोखले यांची श्यामला कोणत्याही क्षणी ‘मालिकेतील सून’ होत नाही. तरी घराचे गुरुत्वमध्य आबांकडे सरकते. लेखक प्रभावळकरांनी जे समान वाटून दिले होते, ते नट प्रभावळकरांनी, बहुधा न ठरविता, पुन्हा आपल्याकडे ओढून घेतले.

आणि तरीही आबांची भूमिका ही त्यांची सर्वांत संयत भूमिका आहे, असे माझे मत आहे. मालिका सुरू झाली तेव्हा नटाचे वय सत्तावन्नच्या आसपास. पात्र त्याहून बरेच वृद्ध. वार्धक्य दाखविण्याचे ठराविक मार्ग म्हणजे कंबरेत वाकणे, हात थरथरविणे, खोकणे. आबांमध्ये यांतील काहीही आवर्जून केलेले जाणवत नाही. त्यांचे वार्धक्य दिसते ते घरातल्या बोलण्यात त्यांच्या वाट्याला येणाऱ्या पाळीत. घाईत असलेल्या कुटुंबात म्हाताऱ्याचे वाक्य शेवटी येते, पुष्कळदा अर्धेच राहते. आबांना हे ठाऊक आहे, आणि म्हणून त्यांनी आपली वाक्ये आखूड केली आहेत. चिमणरावाचे थांबणे सबब शोधण्याचे होते. आबा थांबतात ते समोरच्याला बोलून घेऊ द्यावे म्हणून. त्यांचा मिस्कीलपणा या संयमातून निघतो. एकाच नटाचे, एकाच प्रकारच्या साधनाचे, पंचवीस-एक वर्षांच्या अंतराने झालेले हे दोन उपयोग शेजारी ठेवून पाहिले म्हणजे ‘विविधता’ या शब्दाने जे हाती लागत नाही ते लागते.

त्याच सुमारास हिंदी व मराठी मालिकांत गृहकलहाचे आणि भरजरी वस्त्रांचे युग अवतरले होते. त्या पार्श्वभूमीवर टिपऱ्यांच्या घरी काहीच घडत नाही, अशी तक्रार करता आली असती. प्रेक्षकांनी ती केली नाही. पुढे २०१७ मध्ये प्रभावळकरांच्याच ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ या नाटकावर मालिका झाली, तिच्यातही त्यांनी काम केले. तिचा विचार येथे करीत नाही. तिचे मूळ नाटकात असल्याने निवेदकाचा प्रश्न तेथे उद्‌भवत नाही.

चित्रपटांतील कार्याबद्दल दोनच शब्द. ‘लगे रहो मुन्नाभाई’ आणि ‘शेवरी’ या दोन चित्रपटांतील भूमिकांसाठी त्यांना २००६ या वर्षाचा सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांतील गांधीजींच्या रंगभूषेचे कौतुक फार झाले. परंतु ती भूमिका यशस्वी होण्याचे कारण वेगळे आहे. हे गांधी एकट्या मुन्नाला दिसतात. ते सभेत भाषण करीत नाहीत, एका माणसाजवळ बसून हलक्या आवाजात बोलतात. भव्य पडद्यावर दिवाणखान्याचे अंतर राखण्याची ही हातोटी दूरचित्रवाणीने शिकविलेली आहे, असे मला वाटते. २०२५ मध्ये आलेल्या ‘दशावतार’ या चित्रपटात ऐंशी ओलांडलेल्या या नटाने कोकणातील दशावतारी कलावंताची मध्यवर्ती भूमिका केली आणि ‘बहुरूपी’ या विशेषणाला पुन्हा उधाण आले. विषयच दशावताराचा असल्याने तेथे ते विशेषण शोभतेही.

या सर्व विवेचनातील एक अडचण प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ज्या काळी चित्रफीत महाग होती आणि पुसून पुन्हा वापरली जाई, त्या काळातील दूरदर्शनच्या कार्यक्रमांचा अभ्यास हा फार मोठ्या प्रमाणात स्मरणाधारित अभ्यास आहे. जुन्या नाटकांच्या बाबतीत आपण हे मुकाट्याने मान्य करतो. बोडसांचा फाल्गुनराव आज कोणीही पाहिलेला नाही. दूरचित्रवाणीच्या बाबतीत मात्र ‘सारे कोठे तरी असेलच’ अशी निष्काळजी समजूत असते. ती बाळगून आपण जे जमा करावयाचे ते जमा करीत नाही.

अलीकडेच पदव्युत्तर वर्गात चिमणरावाची एक कथा मोठ्याने वाचून घेत होतो. एक विद्यार्थिनी वाचता वाचता वाक्याच्या मध्येच थांबली, आणि वर्ग तेथेच हसला. तिने मालिका पाहिलेली नव्हती. तिचा जन्मच तीनंतर सुमारे पाव शतकाने झालेला. विचारले तेव्हा ती म्हणाली, “सर, आमचे आजोबा ही गोष्ट वाचून दाखवायचे, ते इथेच थांबायचे.” पुस्तक पाहिले; त्या जागी स्वल्पविरामही नव्हता. आजोबा मुंबईत नोकरीला असून मालिका नियमाने पाहत असत, असे पुढे बोलण्यातून कळले. यावरून कार्यकारणसंबंध सिद्ध होतो असे मी म्हणणार नाही. आजोबांची वाचनाची रीत त्यांची स्वतःचीही असू शकेल.

बाळ कर्वे २०२५ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी, निवर्तले. ती मालिका जाणत्या वयात पाहिलेले प्रेक्षक आज साठीच्या पुढे आहेत. त्यांच्याकडून जोशींचे गद्य मोठ्याने वाचवून घेऊन ते ध्वनिमुद्रित करावे, आणि ज्यांनी मालिका कधीच पाहिली नाही अशा वाचकांच्या वाचनाशी ते ताडून पाहावे, हे काम एखाद्या प्रबंधिकेच्या आवाक्यातील आहे. त्यासाठी लागते ते एक यंत्र, जोशींची दोन-तीन पुस्तके आणि चहाचा थोडा खर्च.